भिंत पडते तीही तालमीनेच
'भिंती पडल्या, नट धडपडले, यात अभिनय कसला?' हा 'द प्ले दॅट गोज राँग' या इंग्रजी विनोदी नाटकाबद्दलचा प्रश्न मला मुळीच पटला नाही. हे नाटक २०१२ मध्ये लंडनच्या एका पबवरच्या छोट्या नाट्यगृहात सुरू झालं आणि २०१५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट नव्या विनोदी नाटकाचं ऑलिव्हिए, म्हणजे ब्रिटिश रंगभूमीवरचं मानाचं, पारितोषिक मिळालं. त्यात एक हौशी नाटकमंडळी प्रयोग करते आणि काहीही कोसळलं तरी तो थांबवत नाही, हसू येतं ते त्या जिद्दीमुळे. आणि भिंत पडताना नट एक पाऊल चुकला तर डोकं फुटेल!

आपल्या कोकणातल्या दशावतारी नाटकात संवाद लिहिलेले नसतात, म्हणून कसलेला नट घोटाळा तिथल्या तिथे सावरून घेतो. गणपतीतल्या हौशी नाटकांना ती सोय नाही, सगळी भिस्त प्रॉम्प्टरवर. कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या कुणीतरी हे इंग्रजी नाटक मालवणीत जरूर करावं.