क्षमा केली म्हणजे खोलीवरचा हक्कही सोडायचा का?

परळकर
जय ख्रिस्त. आईवडिलांच्या मागे भावाने त्यांच्या मालकीची खोली बहिणीला न विचारता परस्पर आपल्या नावावर करून घेतली, तर बहिणीने क्षमा करायची म्हणजे नेमकं काय करायचं? मंडळीत (चर्चमध्ये) सांगतात, "माफ करा, विसरून जा." मग प्रभूच्या प्रार्थनेत "आम्ही दुसऱ्यांचं ऋण सोडतो तसं आमचं सोड" या अर्थाच्या ओळीशी जीभ अडते, प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) घ्यावं की नाही कळत नाही. आणि राग परत आला, तर आधीची क्षमा खोटी होती का?

वचनवाचक
"विसरून जा" हे मंडळीचं म्हणणं, शास्त्राचं नव्हे. बायबलातला मत्तय १८ क्रमाने वाचा. आधी १५ ते १७ : एकट्याने जाऊन अपराध दाखव, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने, मग मंडळीला सांग. भावाला किती वेळा क्षमा करू, हा पेत्राचा येशूला प्रश्न त्यानंतर २१ व्या वचनात येतो. आपल्याकडे गाडी उलटी धावते. भावाला सोडून सगळ्यांना कळतं, आणि त्या चहाडीला "प्रार्थनेचा विषय" म्हणतात.

पुढच्या दाखल्यात राजा एका दासाचं प्रचंड कर्ज माफ करतो, आणि त्या दासाला सोबतीच्या दासाकडून येणं असतं शंभर दिनार. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, म्हणजे हे तीन महिन्यांहून जास्त कमाईचं नुकसान. येशू त्याला किरकोळ म्हणत नाही. फक्त ते राजाने माफ केलेल्या दहा हजार तालांतांशेजारी ठेवतो, आणि तालांत साधारण सहा हजार दिनारांचा.

करायचं असं: कागदावर एकेक बाब लिहा. खोली. न विचारणं. आईच्या आजारपणात बोललेला तो शब्द. मग प्रत्येक बाब नाव घेऊन देवापुढे सोडा. "सगळं माफ" अशी घाऊक प्रार्थना टिकत नाही, कारण खोलीचं माफ झालेलं असतं, तो शब्द मात्र तसाच आत राहतो. राग आधी ओतायचा असेल तर स्तोत्र ५५ आहेच, जवळच्या माणसाने दगा दिल्याचंच ते गाऱ्हाणं. राग परतला म्हणजे क्षमा खोटी ठरत नाही. त्याच बाबीवर पुन्हा सोडायचं. येशूने पेत्राला सांगितलेलं "साताच्या सत्तर वेळा" यातही मोजा. मात्र तोच प्रसंग मनात रोज घोळवणं बंद.

कोर्टाची पायरी
ताई, क्षमा वेगळी आणि हक्कसोडपत्र (वाट्यावरचा हक्क सोडल्याचा कागद) वेगळं. प्रार्थनासभेच्या भरात सही करू नका. नोंदणी झाली की परत फिरणं फार कठीण. मृत्युपत्र नसेल तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ नुसार ख्रिस्ती आईवडिलांच्या मिळकतीत मुलगा-मुलगी सारखेच. (पागडीची खोली असती तर हिशोब निराळा, तिथे भाडेकरूच्या मृत्यूवेळी सोबत कोण राहत होतं हे बघतात.)

१ करिंथ ६ मध्ये भावाभावांनी कोर्टात जाणं पौलाला खटकतं, पण निवाडा करणारा एकही शहाणा तुमच्यात नाही का, असंही तो विचारतो. म्हणून आधी भावाला लेखी कळवा, पाळक आणि दोघा वडीलधाऱ्यांपुढे बसायची तारीख ठरवा. तो आलाच नाही तर वकील. तोवर कायद्याची मुदत टळू देऊ नका.

दावा लावण्याआधी एक तपासा: त्याने उद्या गुपचूप वाटा दिला, त्याची कुठे नाचक्की झाली नाही, तर चालेल? "नाही" आलं, तर वचनवाचकांचा कागद पुन्हा काढा.

वांद्रेवासी
आम्हा कॅथलिकांत पापनिवेदनाला बसलेला माणूस अर्धा वेळ भावाचीच पापं सांगतो. तिथे फक्त आपलं सांगायचं: किती दिवस अबोला धरला, त्याचं वाईट चिंतलं का.

आणि मारहाण असेल तर क्षमा करूनही त्या घरात राहायची सक्ती नाही. मुलावर लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारकच. तिथे "आपसात मिटवा" म्हणणाऱ्याचं ऐकू नये.

वचनवाचक
प्रभुभोजनाचं राहिलं. मत्तय ५:२३ दाखवून बहिणीला थांबवतात, पण तिथे "तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे" असं आठवलं तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट कर, असं आहे. रोख आहे दुसऱ्याला दुखावणाऱ्यावर. खोलीच्या प्रकरणात अर्पण ठेवून उठायचं ते भावाने.