मदत हवी आहे: शेलमधलं केरोजेन (काळ्या गाळखडकातला जुना सेंद्रिय पदार्थ) बॅक्टेरिया खातायत हे दाखवायचं कसं?

शेलशोधक: शेलचा बारीक चुरा, क्षारांचं पाणी, वर थोडं इनॉक्युलम (वाढवायच्या बॅक्टेरियाचं विरजण). फ्लास्क गढूळ झालेत, मायक्रोस्कोपखाली पेशी झकास दिसतायत. आता गाईड म्हणतात, ते केरोजेनच खातायत हे सिद्ध कर. कसं करू? शुक्रवारी ग्रूप मीटिंग आहे. "गूगल कर" म्हणू नका, करून झालंय.

रेतीवाला: कुठला शेल? किती जुना? हवा लागू देतोस की बंद बाटलीत? काहीच लिहिलेलं नाहीस.

शेलशोधक: न्यू अल्बनी, केंटकी. डेव्होनियन, म्हणजे ३५ कोटी वर्षांहून जुना. रस्त्याकडेच्या कापातून आणलाय. शेकरवर, हवेतच.

डिझेलकाका: आयुष्य तेलक्षेत्रात गेलं म्हणून सांगतो. बॅक्टेरिया आधी सरळ साखळीचे अल्केन (तेलातले हायड्रोकार्बन) खातात, फांद्यांचं प्रिस्टेन मागे उरतं, कड्यांच्या होपेनला तर फार उशिरा हात लावतात. प्रिस्टेन आणि सी-१७ अल्केनचं गुणोत्तर काढ. काम झालं. बाकी तुझा खडक कधीकाळी ८० अंशांच्या वर तापला असेल तर त्यात मूळचं काही जिवंत नसणार.

पेट्री: काका, ते तेलाचं. केरोजेन सॉल्व्हंटमध्ये विरघळतच नाही, जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफीत) कुठून दिसणार? आणि मूळचे मेले तरी बाहेरचे शिरतात. मिशिगनचा अँट्रिम शेल बघा. हिमनद्यांचं गोडं पाणी आत मुरलं आणि मिथेन करणाऱ्यांचं फावलं.

डिझेलकाका: एकदा पाश्चराइज झालेले, म्हणजे उष्णतेने जंतू मेलेले तेलसाठे नंतर वर उचलले गेले तरी शाबूत राहिलेले आहेत. आणि अँट्रिममध्ये खाली ऑक्सिजन नाही, याच्या शेकरशी काय संबंध?

पेट्री: साठ्याला वर झाकण असतं. रस्त्याकडेच्या कापाला नसतं.

चंद्रपूरकर: आमच्याकडे कोळशाचे ढीग आपोआप पेटतात, ते याच बॅक्टेरियामुळे का?

रेतीवाला: मुख्यतः हवेतल्या ऑक्सिजनमुळे. वेगळा धागा काढा ना.

पेट्री: @शेलशोधक, मिडियात (वाढीच्या पाण्यात) यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे यीस्टचा पोषक अर्क, आहे?

शेलशोधक: चिमूटभर. सगळेच घालतात.

पेट्री: मग गढूळपणा त्या चिमटीचाही असू शकतो. शिवाय या शेलमध्ये पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असतो. लोह-गंधकावर जगणारे जीव हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन फ्लास्क भरून टाकतील, केरोजेनला न शिवता. पीएच बघितलास?

शेलशोधक: उतरतोय. त्याचा काय संबंध?

पेट्री: पायराइटचं ऑक्सिडेशन झालं की आम्ल तयार होतं! २००१ मध्ये पेट्श आणि सहकाऱ्यांनी याच शेलवर काम केलंय. त्यांनी पेशीपटलातले फॉस्फोलिपिड फॅटी ॲसिड वेगळे करून त्यांतला कार्बन-१४ मोजला. त्याचं अर्धायुष्य ५७३० वर्षं, खडक ३५ कोटींहून जुना, म्हणजे खडकातला कार्बन पूर्ण 'डेड', त्यात कार्बन-१४ उरलेलाच नाही. यीस्टमधला आणि हवेतला तसा नाही. त्यांच्या कल्चरमध्ये लिपिडांतला ७४ ते ९४ टक्के कार्बन जुना निघाला. नुसत्या वाढीवरून हे कधीच कळलं नसतं.

भूगर्भ: एक पाचर. खडकात कार्बोनेट (चुनखडीसारखं खनिज) असेल तर तेही तितकंच डेड. आम्लात ते विरघळलं आणि कोणी तो कार्बन डायऑक्साइड घेतला, की आकडा जुनाच येणार. चुरा आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन घे, आणि कार्बन-१३ (कार्बनचा स्थिर समस्थानिक) सोबत बघ.

उगाचएक: अवांतर: शिलाजित म्हणजे हेच का? आमचे मामा दुधातून घेतात.

रेतीवाला: नाही.

शेलशोधक: कार्बन-१४ चे पैसे कोण देणार? आणि शुक्रवार!! स्वस्तातलं सांगा.

पेट्री: यीस्ट काढ. दुसऱ्या फ्लास्कमध्ये भट्टीत जाळून कार्बन उडवलेला चुरा घाल. तिथे वाढ थांबली तर बोलता येईल.

भूगर्भ: भट्टीत पायराइटही जाईल. वाढ थांबली ती केरोजेन नाही म्हणून की पायराइट नाही म्हणून, कसं सांगणार? त्यापेक्षा धुतलेली वाळू आणि शुद्ध पायराइट, केरोजेन शून्य, असा कंट्रोल (तुलनेचा फ्लास्क) लाव.

पेट्री: हे जास्त बरोबर. दोन्ही लाव.

शेलशोधक: शुद्ध पायराइट शुक्रवारच्या आत कुठे मिळेल?

डिझेलकाका: प्रिस्टेन काढलंस का?