मदत हवी आहे: तलावाचा गाळ काढायला मशीन दिलं, ते लोकांना कसं सांगावं?

अंबडकर
अंबड एमआयडीसीत पोकलेनच्या बकेट आणि रॉक ब्रेकर बनवतो. सिन्नर तालुक्यातल्या एका पाझर तलावासाठी यंदा २० टनी पोकलेन दिलं. ४ ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) हायवाने, म्हणजे डंपरने, ५०० ट्रिपा गाळ निघाला. माहितीपत्रकात '५६ लाख लिटर पाणी वाढलं' असं छापायचं आहे. आकडा बरोबर आहे ना? मशीनचा खर्च सीएसआरमध्ये (कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चात) धरता येईल का? मुखपृष्ठावर गावची मुलं बकेटमध्ये बसलेला फोटो घेतोय.

मातीकाम
असं छापू नका. २००० ब्रास म्हणजे ५,६६० घनमीटर, इथवर हिशेब बरोबर. पण खोदलेला गाळ फुगतो. तळात दाबून बसलेला एक घनमीटर हायवात साधारण सव्वा घनमीटर भरतो, म्हणून सव्वाने भागा. उरतात सुमारे ४,५३० घनमीटर, म्हणजे ४५ लाख लिटर. आणि ही जागा झाली, पाणी नव्हे. पाऊस पडून येवा, म्हणजे वाहून येणारं पाणी, आला तर ती भरेल. 'सुमारे ४५ लाख लिटर साठवणीची जागा मोकळी झाली' एवढंच लिहा. गावातला जाणता माणूस ट्रिपांचं गणित दोन मिनिटांत करतो, आणि एक आकडा फुगलेला निघाला की बाकीच्या खऱ्या कामावरचाही विश्वास उडतो.

पुढच्या वेळी ट्रिपांवर विसंबू नका. खोदाईआधी १० मीटरच्या चौकटीत तळाची लेव्हल (उंची) घ्या, नंतर त्याच बिंदूंवर पुन्हा घ्या. बेंचमार्क, म्हणजे जिथून उंची मोजायची ती पक्की खूण, सांडव्याच्या काँक्रीटवर रंगवा, सुट्या दगडावर नको. खूण हलली की मोजणी गेली. अवरमीटरचा (मशीन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरचा) फोटो पहिल्या आणि शेवटच्या दिवशी काढा. डिझेल कोणी भरलं तेही लिहा. २० टनी मशीन तासाला १२ ते १५ लिटर पितं, २०० तास चाललं तर अडीच-तीन हजार लिटर. ते गावाने किंवा सरकारी योजनेतून दिलं असेल आणि श्रेय एकट्या कंपनीने घेतलं, तर गावकरी दुखावतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

गाळाखाली मुरूम लागला की थांबायचं. मुरूम बाहेर गेला की गाळ काढला म्हणून कोणी मानत नाही.

हिशेबनीस
सीएसआरचं बंधन कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली, तेही कंपनीलाच. भागीदारी पेढीला नाही. आधीच्या आर्थिक वर्षात नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी हवं. मग मागच्या ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. मालाच्या जाहिरातीसाठी केलेलं प्रायोजन नियमांनी वगळलंय, त्यामुळे माहितीपत्रकाचा खर्च यात घालू नका.

अंबडकर
आभार. आकडा बदलतो. पण फोटोला काय हरकत?

मातीकाम
बकेट माणसं बसवायची जागा नाही. हायड्रॉलिक होज फुटला किंवा लीव्हरला धक्का लागला तर बूम, म्हणजे बकेट उचलणारा हात, खाली येतो. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे ठेकेदार आणि ऑपरेटर. त्यांची नजर आधी तिथेच जाईल. शिवाय बकेट तुम्हीच बनवता! त्याऐवजी सांडव्यावरच्या एकाच जागेवरून, एकाच दिशेने तीन फोटो घ्या: खोदाईआधी, नंतर आणि पावसाळा संपल्यावर. लगतच्या चार विहिरींची पातळी ऑक्टोबर आणि मार्चमध्ये मोजून ठेवा. दोन वर्षांच्या नोंदी झाल्या, की पावसाचा आकडा शेजारी ठेवून त्या छापा.