मलावी सिक्लिडची मारामारी थांबेना, सोबत कोणते मासे सोडू?

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी. घरी ४ × १.५ × १.५ फुटांचा टँक आहे, साधारण २५० लिटरचा. आत मलावी सिक्लिड, म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले मासे: इलेक्ट्रिक यलो, ब्लू झेब्रा आणि ओरेटसचा एक नर. लहानपणी पिवळा होता, आता काळा पडलाय आणि मधल्या दगडाखालून सुटून दिसेल त्याच्या अंगावर जातो. यलो सगळे हीटरमागं, अगदी वरच्या पाण्यात चिकटून बसतात. एकीची शेपूट पार फाटलीय. खायलासुद्धा खाली उतरत नाहीत, बघवत नाही. दुसरे मासे सोडले की भांडण कमी होतं म्हणतात. कोणते घेऊ?

पंचगंगाकाठ
ताई, जायंट डॅनिओ घ्या. दोन-चार नकोत, ८-१० चा थवाच हवा. वरच्या पाण्यात मासे बिनधास्त फिरताना दिसले की दबलेल्या सिक्लिडला वाटतं, आसपास धोका नाही, मग तो बाहेर येतो. दादागिरी करणाऱ्याचं लक्षही एकाच माशावर राहत नाही. डॅनिओच्या मागं लागला तरी तो हाताला लागत नाही, इतका चपळ. चार इंचांपर्यंत वाढतो, त्यामुळं कुणाच्या तोंडात मावत नाही.
टँकला झाकण पाहिजेच, उडी मारतो. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतलाच मासा आहे हा, पण राधानगरीकडनं धरून आणू नका. तिथं अभयारण्य आहे, शिवाय रानातल्या माशाबरोबर रोग येतात. दुकानातले घ्या आणि आधी दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवा.

दगडगोटे
डॅनिओ चांगलेच. पण त्यानं यलोंची भीती कमी होईल, ओरेटसचा स्वभाव बदलणार नाही. म्बुनांमधला, म्हणजे दगडांत राहणाऱ्या मलावी सिक्लिडांमधला अत्यंत तापट मासा तो. २५० लिटरमध्ये यलोंसारख्या गरीब माशांबरोबर ठेवूच नये. दुकानदार परत घेत असेल तर आधी तो द्या. मग बाकीचं.
टायगर बार्ब कुणी सुचवला तर ऐकू नका, शेपट्या कुरतडतो. गप्पी, एंजल तर नकोतच. रंग हवा असेल तर बोसेमनी रेनबो घ्या, त्याला जड, क्षारांचं पाणी मानवतं. तळाला सिनोडोन्टिस, म्हणजे मिशीवाला कॅटफिश.
आणि नवे मासे सोडायच्या दिवशी दगडांची मांडणी सगळी मोडून नव्यानं लावा, दिवा बंद ठेवून सोडा. जुन्या हद्दीच राहिल्या नाहीत की सगळ्यांना नव्यानं सुरुवात करावी लागते.

शाहूपुरीकर
आमच्याकडं बोअरचं पाणी, पीएच ८ च्या आसपास. डॅनिओला चालेल?

पंचगंगाकाठ
चालेल. पिशवी तरंगत ठेवून टँकचं पाणी थोडं थोडं आत घाला, घाई नको.

शाहूपुरीकर
मग ओरेटस देऊन टाकते, रविवारी दगड काढते. सिनोडोन्टिसची जोडी आणू?

दगडगोटे
जोडी नको, एक दुसऱ्याला छळतो. एकच ठेवा, नाहीतर थेट चार. आणि त्याला स्वतःची अशी एक खोल कपार करून द्या, दिवसा तो तिथंच बसणार.