वाळूच्या आधी विटांचे तुकडे

बादलीत वाळू भरूनही नाताळचं झाड (ख्रिसमस ट्री) कलंडतं, असं तुम्ही म्हणता. आमच्या वसईकडे सुरूची फांदी लावतात, तिचंही असंच व्हायचं. आधी खोडाभोवती विटांचे तुकडे गच्च बसवा, मगच वाळू ओता आणि ती ओली करा. रंगाच्या १० लिटरच्या रिकाम्या बादलीत साधारण १५ किलो वाळू मावते, चार-पाच फुटी फांदीला तेवढं वजन पुरतं. बाहेरून किराणा दुकानातलं जुनं गोणपाट गुंडाळून काथ्याचे दोन-तीन वेढे द्यायचे. गोणपाटाची कड थोडी उसवून दशा मोकळ्या सोडा, फार देखणं दिसतं! फळांची लाकडी पेटी मिळाली तर बादली तिच्यातच ठेवा. पेटीला पॉलिश मात्र नको, तो खरबरीतपणाच तर हवाय. आणि दिव्यांच्या माळेची वायर ओल्या वाळूपासून लांब ठेवा.