मुलगा आरतीला उभा राहत नाही, पण सिद्धिविनायकाला चालत जातो!

घाटकोपरकरीण
मुलगा एकोणीसचा, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. यंदा सासूबाईंनी नेहमीसारख्या त्याच्या हातात झांजा दिल्या, तर त्याने त्या टीपॉयवर ठेवल्या. "मला नाही म्हणायची आरती." सगळे गप्प. ह्यांनी आवाज चढवून 'सुखकर्ता' रेटलं आणि चिरंजीव गॅलरीत जाऊन उभे! नास्तिक झाला म्हणावं, तर सोमवारी रात्री मित्रांबरोबर घाटकोपरहून प्रभादेवीपर्यंत चालत जातो आणि मंगळवारी पाय सुजवून पहिल्या लोकलने परत येतो. (उपासाची खिचडी मात्र माझ्याच हातची लागते.) हे म्हणतात, लाडाने बिघडला. तुम्हाला काय वाटतं?

खडूफळा
मी ज्युनियर कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञांनी १९६६मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना व्यवसाय, धर्म आणि राजकारण यांबद्दल विचारलं. पाहायच्या होत्या त्या दोनच गोष्टी: स्वतः शोधाशोध केलीस का, आणि काही ठरवलंस का? काहींनी न शोधताच आईवडिलांचं उचललेलं असतं. अशी मुलं घरात फार शहाणी दिसतात. तुमचा शोधतोय, अजून ठरलेलं नाही. आणि ही काही यत्ता नव्हे, की एक पास झाली की पुढची. पुढेमागे होत राहतं.
पण मार्शियाच्या चौकटीत एक गोष्ट बसत नाही. आपल्याकडे आरती म्हणजे अर्धी श्रद्धा आणि अर्धं घरचं काम. त्याने नाही म्हटलं ते देवाला की बाबांना?

साधाच_माणूस
पॉकेटमनी बंद करा, दोन्ही प्रश्न सुटतील.

चेंबूरचा_नातू
आमची उलटी कथा. आजोबांनी ७ डिसेंबर १९५६ला दादर चौपाटीवर, बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी दीक्षा घेतली. घरातले देव त्यांनी स्वतः बाहेर काढले, भावाशी कायमचं वाकडं घेतलं. मला मात्र सगळं आयतं मिळालं. त्रिशरण-पंचशील पाठ, ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात पाणीवाटप. सतराव्या वर्षी मी विचारलं, मी बौद्ध कशावरून? वडील भडकले. आजोबा म्हणाले, "बाबासाहेबांनी १९३५ला येवल्यात सांगितलं, हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा घेतली १९५६ला. एकवीस वर्षं शोधत होते. तुला एवढी घाई कसली?" मग मी दोन वर्षं विहारात गेलोच नाही. आता जातो, पण वंदनेपेक्षा तिथल्या अभ्यासिकेत मुलांना गणित शिकवायला जास्त. वडिलांना हे अजून पटत नाही.

घाटकोपरकरीण
काल खिचडी वाढताना सहज विचारलं, चालताना काय करता रे? म्हणाला, "सायनपर्यंत सगळे बडबडतात. दादरच्या पुढे कुणी बोलत नाही. ते आवडतं." आरतीबद्दल म्हणाला, "बाबा माझ्याकडे बघत असतात, मी म्हणतोय की नाही ते." ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा हेच.
ह्यांना सांगितलं. काही बोलले नाहीत, पेपर चाळत बसले. सासूबाई मात्र विचारताहेत, पुढच्या अंगारकीला मलाही नेशील का, टॅक्सीने?