आधी एंझाइम कोणतं ते बघा
नर्व्ह एजंट म्हणजे मज्जासंस्थेवर घाला घालणारी विषारी रसायनं. त्यांच्याविरुद्ध जीनथेरपी (विष निकामी करणाऱ्या एंझाइमचं जीन शरीरात घालणं) आली की अ‍ॅट्रोपिन आणि प्रालिडॉक्सिम ही आजची औषधं मोडीत निघतील, असा एक दावा आहे. मला नाही पटत. ब्युटिरिलकोलिनएस्टरेज या एंझाइमचा एक रेणू नर्व्ह एजंटचा एकच रेणू अडवतो आणि स्वतः बाद होतो, म्हणून ते रक्तात भरपूर लागतं. पीओएन-१ या दुसऱ्या एंझाइमचे सुधारित प्रकार मात्र विष तोडून पुन्हा कामाला मोकळे! २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा पीओएन-१चं जीन एएव्ही-८ या वाहक विषाणूतून उंदरांच्या यकृतात पोचवलं, तर संरक्षण काही महिने टिकलं. पण एंझाइम तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे हे विषबाधेच्या बरंच आधी टोचायला हवं. शिवाय एएव्हीविरुद्धच्या अँटिबॉडी अनेकांत मुळातच असतात, आणि पहिल्या डोसनंतर तर बनतातच. मग दुसरा डोस अवघड. सैनिकांसाठी ठीक. अचानक विषबाधेत सापडलेल्या नागरिकाला अ‍ॅट्रोपिनच लागणार.